देवमाशाला सांगायचं नाव

पापाने वसईची होडी विकली आणि बोलणंही तिच्याबरोबर देऊन टाकलं. आखातात माझ्याकडे आल्यापासून नईम मोहल्ल्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवसभर भिंतीकडे बघत बसायचा. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, पण जायचं नाव नाही. "होडी नाही त्याचं दर्यावर काय काम?" एवढंच. जन्मभर नाखवा म्हणून मिरवलेला माणूस असा विझत चाललेला बघून माझा जीव तुटायचा आणि रागही यायचा. हॉस्पिटलात मी परक्यांना धरून चालवते, आणि घरात माझा बाप जागचा हलत नाही!

शेवटी चिडलेच. "उठ पापा, यल्ला, चल! देवमासा आलाय म्हणतात. हमीदची बोट ठरवलीय."

हमीद इथलाच. त्याचे आजोबा मोत्यांसाठी बुडी मारायचे. समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे आहेत, आजोबा खाली जाऊन ते पाणी चामड्याच्या मशकीत भरून आणायचे, असं तो बोट चालवता चालवता हिंदीत सांगत होता. पापाने मान वर केली.

पाणी अगदी निवांत होतं. धुक्यात आभाळ कुठे संपतं तेच कळेना. आपण झोपेतच चाललोय असं मला वाटत होतं.

तेवढ्यात कुणीतरी लांब श्वास सोडला. काळी पाठ वर आली, येतच राहिली. हमीदने इंजिन बंद केलं.

"आई गे!" मी बोट दाखवलं, तर पापाने हातावर चापट मारली. टोपी काढली. आमच्या घराण्यात देवमासा दिसला की थोरल्याने पाण्यात हात घालून आपण कुठल्या नाखव्याची माणसं ते सांगायचं. मग तो वाट देतो. बायकांना होडीवर घेतच नाहीत, म्हणून मी हे नुसतं ऐकलेलं.

पापाने हात घातला. मग तसाच बाहेर काढला.

"काय सांगू, बाय? मी नाखवा राहिलोच नाही."

देवमासा शेजारीच तरंगत होता. पापाने माझं मनगट धरलं आणि माझा हात पाण्यात बुडवला.

"घर तुझ्या जिवावर चालतं. तू सांग."

मला रडू आवरेना. कशीबशी पुटपुटले, "कॉर्नेलियस नाखव्याच्या पोरीची माणसं."

"पोरीची काय? नाव ठेवलं नाही तुझं?" पापा खेकसला. किती महिन्यांनी! "जोरात सांग!"

"अ‍ॅलिसची!" मी ओरडले.