बाई गावातच राहतात

"शाळा म्हणता? ती बगा, त्या लिंबाच्या पलीकडं. चालत तीन मिनटं," असं म्हणून बापूसाहेबांनी हातातल्या नकाशाची गुंडाळी केली आणि ती शाळेच्या दिशेने रोखली.

बापूसाहेब म्हणजे प्लॉटचे एजंट. एप्रिलचा रविवार, बोरेवाडीचा उघडा माळ आणि हा गृहस्थ पांढरे बूट घालून चुन्याच्या रेघांवरून आम्हाला फिरवत होता. आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको वैजयंती. उन्हासाठी तिने तोंडाला स्कार्फ गुंडाळला होता, डोळे तेवढे दिसत होते. बापूसाहेब सोलापूरचे, त्यामुळे आपण कुणाला काय सांगतोय याचा त्यांना पत्ताच नव्हता. जिल्हा परिषदेची शाळा म्हणून नाक मुरडू नका, म्हणाले. सोलापुरातून दोन व्हॅन भरून मुलं इथे येतात. स्कॉलरशिपला गेल्या वर्षी पाच मुलं लागली. दुसरीतलं पोर पेपर घडाघडा वाचतं.

त्या पोरांना वाचायला शिकवणारी बाई त्यांच्यासमोर स्कार्फ बांधून उभी होती. मला गुदगुल्या होत होत्या. बायकोची स्तुती फुकटात ऐकायला कुणाला आवडत नाही? मी मुद्दाम खोदून विचारलं, "बाई कशा हायेत शाळेच्या?"

"एक नंबर. आणि मेन म्हंजे बाई गावातच राहतात. मुक्कामी. बाकी गावांत मास्तर पाचच्या एस.टी.नं पळतंय, हितं तसं न्हाय. ग्रामसभेचा ठराव हाय तसा, पायजे तर दाखवतो."

माझं हसू तिथेच विरलं. वैजयंतीचा चेहरा दिसत नव्हता, पण पर्सच्या पट्ट्यावरची तिची बोटं आवळलेली मला दिसली. गुंठ्याला सहा लाख, असं बापूसाहेब सांगत होते. ती एवढंच म्हणाली, "चला."

आता तो ठराव काय भानगड आहे ते सांगतो. शिक्षकाने शाळेच्या गावी राहायचं, असा नियम. राहतो हे ग्रामसभेने ठराव करून सांगायचं, मग घरभाडे भत्ता मिळायचा. आम्ही राहायचो सोलापुरात, विजापूर रोडच्या आत, दोन खोल्यांत भाड्याने. वैजयंती अकरा वर्षं रोज अठरा किलोमीटर स्कूटीवर जायची आणि यायची. गाव दर वर्षी आनंदाने ठराव करून द्यायचं. बाई सव्वाआठला येतात, सहाला जातात, आणखी काय पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. यात खोटं काही आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

आणि का वाटावं? ती तिथे रुजू झाली तेव्हा शाळेत नऊ मुलं होती. नऊ. शाळा बंद करून मुलं शेजारच्या गावात पाठवायची, असं बोललं जात होतं. तिथल्या निम्म्या घरांत कानडी बोलतात, मुलांना पुस्तकातलं मराठी कळायचं नाही. मग वैजयंती शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सिद्धम्माच्या चुलीजवळ बसून कानडी शिकली. वस्त्यांवर फिरली, बायकांच्या शिव्या खाल्ल्या, कुत्री मागे लागली. आमची पायल पहिलीत जायची झाली तेव्हा नातेवाईक म्हणाले, सोलापुरात एवढ्या इंग्लिश मिडियमच्या शाळा पडल्यात. वैजयंतीने पोरीला स्कूटीवर पुढे उभं केलं आणि बोरेवाडीला नेलं. चौथीपर्यंत पायल तिथेच शिकली, आता सोलापुरात हायस्कूलला आहे. आज शाळेत एकशे चाळीस मुलं आहेत, तिच्या जोडीला तीन शिक्षक आहेत. हे मी सांगतोय ते बढाई मारायला सांगतोय, उगाच नम्रपणा दाखवत नाही.

माझं काम पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं. सात रस्त्याजवळ माझं छोटं दुकान आहे, रिवायंडिंगचं. सोलापूरच्या आजूबाजूला कुठल्या गावात बोअर किती फुटांवर लागतो ते मला झोपेत विचारा. या हुशारीनेच घात केला. आठ वर्षांपूर्वी याच माळावर एक शेतकरी तीन गुंठे देत होता, गुंठ्याला लाख रुपये. वैजयंतीची फार इच्छा. मी येऊन शेजारचा बोअर बघितला. पाचशे फूट खोल आणि पाणी करंगळीएवढं. हितं माणूस राहायचं न्हाय, असं मी छातीठोक सांगून परत आलो. आज माळाच्या एका अंगाला साठ घरं आहेत. मी पाणी बघून गावाची किंमत केली आणि लोक आले शाळा बघून. ती शाळा माझ्याच घरातून रोज डबा घेऊन जात होती, तरी मला ते दिसलं नाही.

तर यंदा आमच्या घरमालकाला खोल्या रिकाम्या हव्या होत्या, जूनच्या आत. चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा भाड्याचं घर नको, स्वतःचं घ्यायचं, असं आम्ही ठरवलं. मी दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर रकाने आखले. शाळा, घरपट्टी, किंमत, पाणी. सहा रविवार पालथे घातले. जुळे सोलापूरला शाळा हाताशी, पण भाव ऐकून चहा घशाखाली उतरेना. केगावला जागा मोकळी, पण पायलला शाळेला दोन रिक्षा बदलाव्या लागणार. शहराच्या कडेला बाळे भागात एक रो-हाऊस बेताचं होतं. घरपट्टी महापालिकेची, म्हणजे जास्त, पण हप्ता झेपण्यासारखा. बोरेवाडीला ग्रामपंचायतीची घरपट्टी अगदी किरकोळ, पण जागेचा भाव आकाशाला भिडलेला. बायकोचं मन राखायला म्हणून तेवढं बघून येऊ, म्हणून त्या रविवारी गेलो होतो.

घरी आल्यावर तिने स्कार्फ सोडला आणि चहासुद्धा न टाकता खुर्चीवर बसली.

"पोरांनी वहीत बापाची खोटी सही आणली तर मी त्यांना उभं करते," ती म्हणाली. "आणि स्वतःच्या नावाचा खोटा कागद दर वर्षी हातानं घेऊन येते. आज तो माणूस त्या कागदावर प्लॉट विकतोय, अहो."

सगळेच तसं करतात, मी म्हणालो. तर म्हणाली, ते मला माहीत आहे. गुंठ्याला सहा लाख कुठून आणू, असं मी चिडून विचारलं. तर प्लॉट कोण मागतंय, म्हणाली. बाळ्याचं घर घ्या, माझी हरकत नाही. मी सोलापुरात राहते तर राहते, पण गावात राहते असा ठराव यापुढे होऊ देणार नाही.

मला वाटलं, रागात बोलली, विसरेल. इतक्या वर्षांत मी बायकोला ओळखलं नाही हे पुन्हा एकदा सिद्ध झालं. एक मेच्या ग्रामसभेत ती उभी राहिली. हे मला नंतर सिद्धम्माने सांगितलं. ग्रामसेवकाने ठराव वाचायला घेतला तशी ती म्हणाली, मी गावात राहत नाही, माझा ठराव करू नका. सगळे हसले. सरपंच म्हणाले, "बाई, रातचं निजायला तेवढं जाताय की तुमी." ती हसली नाही. मग कुणीच हसलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. शाळेतल्या बाकीच्या तिघा शिक्षकांनी तिच्याशी बोलणं टाकलं, कारण तिचा कागद खोटा ठरला तर त्यांचा खरा कसा राहील? भत्ता बंद झाला. बाळ्याच्या हप्त्यात मी तो भत्ता धरलेला होता. मी घरात आरडाओरडा केला. पायलसमोर केला. तुझ्या खरेपणापायी आम्ही रस्त्यावर येऊ, असंही बोललो. ती पोळ्या लाटत राहिली. त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

बाळ्याच्या घराचं टोकन द्यायचं त्याच्या आदल्या दिवशी दुकानात एक माणूस जळालेली मोटार घेऊन आला. नंदीश म्हणून, बँकेत आहे. सोलापुरातला फ्लॅट विकून मुलीसाठी दोन वर्षांपूर्वी बोरेवाडीला राहायला गेलेला. मी बाईंचा नवरा हे त्याला ठाऊक होतं. मोटार खोलता खोलता मी मान वर केली नाही. वाटलं, आता हा ऐकवणार.

"मी तो ठराव वाचूनच तिथं जागा घेतली," तो म्हणाला. "बाई उभ्या राहिल्या तेव्हा मला आधी लई राग आला. फसवलं म्हटलं. घरी गेलो तर बायको म्हणाली, आपल्या पोरीला असं उभं राहायला कुठल्या शाळेत शिकवतात ते सांगा, तिकडं जाऊ."

मी तांब्याची तार गुंडाळत राहिलो, आणि कधी नव्हे ते वेढे चुकलो. मजुरी मात्र पूर्ण घेतली, धंदा आहे. त्याच दुपारी दुकान लवकर बंद केलं, बाळ्याच्या घरवाल्याला फोन करून टोकन देत नाही असं सांगितलं आणि गाडी अक्कलकोट रोडने बोरेवाडीकडे काढली.

सिद्धम्माने घराच्या मागे दोन खोल्या बांधल्या होत्या, वर पत्रा. शहरातून येणाऱ्यांना भाड्याने द्यायच्या म्हणून. मी संध्याकाळी वैजयंतीला कारण न सांगता तिथे बोलावून घेतलं. ती आली, खोल्या बघितल्या, माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले तसा मी पत्र्याचे नट तपासायला लागलो. मग भाड्याची गोष्ट निघाली. अकरा वर्षं एका चुलीपाशी बसलेल्या दोघी, मला वाटलं दोन हजारांत काम होईल. सिद्धम्मा म्हणाली, पाच हजार.

"काय गं सिद्धम्मा, मलासुद्धा?" वैजयंती म्हणाली.

"तुमच्या शाळेमुळंच भाव वाढलाय की, बाई. पयलं हितं हजारालाबी कोण ईत नव्हतं. आता तुमालाच कमी लावलं तर लोक म्हणतील, ठराव दिला तशी खोलीबी फुकट दिली. मला ते न्हाय चालायचं. पाच म्हंजे पाच."

वैजयंती महिन्याभरात पहिल्यांदा हसली. पदराने डोळे पुसत हसली. दे किल्ली, म्हणाली.

तर असं आम्ही स्वतःचं घर घ्यायला निघालो आणि पत्र्याखाली भाडेकरू झालो. आखलेला एकही रकाना आमच्या बाजूने नव्हता. हायस्कूल नाही, पाणी दिवसाआड अर्धा तास. घरपट्टी कमी, पण ती सिद्धम्मा भरते, आम्हाला त्याचा काय फायदा? पूर्वी ती जायची यायची, आता मी जातो येतो. पायलला मागे बसवून साडेसहाला निघतो, तिला शाळेत सोडून सात रस्त्याला दुकान उघडतो. नातेवाईक म्हणतात, जोतिरामचं डोकं फिरलं. वर्षा-दोन वर्षांत वैजयंतीची बदली होणार, हेही काही चुकणार नाही. मग ही खोली सुटेल आणि तो माळ तर केव्हाच हातचा गेलाय. हे सगळं मला कळतं. पण रोज तिन्हीसांजेला कुणाचं तरी पोर भागाकार घेऊन आमच्या उंबऱ्यावर बसलेलं असतं, आणि मी गाडी लावेपर्यंत ते मला "सर" म्हणून नमस्कार करतं. मी दहावी नापास माणूस. सांगा, बाळ्याला मला कोण सर म्हणणार होतं?

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि पारावर ग्रामसभा बसली. मी पहिल्यांदाच गेलो, मागे केराबाई म्हणून एक म्हातारी बसली होती तिच्या शेजारी उभा राहिलो. बाकीच्या तिघा शिक्षकांपैकी एकाने गावात खोली बघायला सुरुवात केली होती, दोघे अजून वैजयंतीकडे पाठ करून बसले होते. पाणी, गटार, रस्ता असे विषय झाले. शेवटी ग्रामसेवकाने कागद उचलला आणि वाचला, श्रीमती वैजयंती जोतिराम, प्राथमिक शिक्षिका, या मौजे बोरेवाडी येथे राहतात.

सरपंचांनी कागद हातात घेतला. या वेळी ते हसले नाहीत. "बाई, ह्ये खरं हाय का?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं.

वैजयंती उठून उभी राहिली. पोरांना हजेरीला उभं राहायला शिकवते तशी, ताठ. "होय," म्हणाली आणि खाली बसली.

मंजूर असेल त्यांनी हात वर करा, सरपंच म्हणाले. पारावरचे हात वर गेले. सिद्धम्माचा, नंदीशचा, त्याच्या बायकोचा. केराबाईने तर दोन्ही वर केले. मीही केला. ग्रामसेवक हात मोजत मोजत माझ्यापर्यंत आला आणि थांबला. म्हणाला, साहेब, तुमचं नाव अजून सोलापूरच्या मतदार यादीत आहे, तुमचा हात धरता येणार नाही.

धरू नका, मी म्हणालो. पण हात खाली घेतला नाही.