मातीला दोष

"देवाचं बरंय, त्याची कुठे ओली माती वाळतेय," मातीवरच्या गोणपाटावर पाणी शिंपडता शिंपडता सून पुटपुटली. पुटपुटली म्हणजे आमच्या परसात ऐकू येईल इतपत. दोन्ही घरांमधली भिंत कमरेएवढी, त्यामुळे कुंभाराच्या घरातलं मला काही विचारावं लागत नाही.

आत तिचे सासरे, आमचे काका, कोपऱ्यात हात जोडून बसले होते. पूर्वी त्यांची प्रार्थना तीन शब्दांत आटपायची. "देवा, फिरव चाक," म्हणायचे नि बसायचे कामाला. यंदा ती लांबत लांबत उन्हं अंगणभर होईस्तोवर चालायला लागली. गाव म्हणालं, म्हातारा देवमाणूस झाला. पण जोडलेले हात एकमेकांना धरून ठेवतात. सोडले की काकांचा उजवा हात लागायचा थरथरायला, मुठीत पाखरू पकडल्यासारखा. हे मला दिसत होतं, सुनेला दिसत होतं, काकींना तर सगळ्यांच्या आधी दिसलं असणार. पण तोंड उघडायचं कुणी?

उलट आम्ही दोष दुसरीकडे वाटून टाकले. मडक्याचा गळा कलला की काकी म्हणायच्या, "वाराच मेला वाईट सुटलाय." झाकणं बसेनात तेव्हा सुतार येऊन चाकाचा खुंटा बदलून गेला. जाताना भिंतीपाशी थांबून मला म्हणाला, "खुंटा धडधाकट होता, वहिनी. पण म्हणायचं कसं?" दुपारी काका आडवे झाले की काकी ओलं मडकं मांडीवर घ्यायच्या, कललेला गळा बोटांनी हळूहळू सरळ करायच्या आणि परत फळीवर ठेवून द्यायच्या. काका उठून निरखायचे.

"बरं उतरलंय की गं."

"उतरणारच," काकी म्हणायच्या आणि हात पाठीमागे घ्यायच्या.

त्या दिवशी वारा सकाळपासून पिसाळलेला. धूळ उडत होती, कोंबड्यासुद्धा एका जागी ठरत नव्हत्या. अशात तेली एक मडकं काखेत मारून आला.

"काका, झाकण डुगडुगतंय हो. गावातले सगळे उंदीर माझ्याकडे जेवायला असतात."

काकांनी मडकं हातात घेतलं. घेतलं तसं झाकण त्यावर वाजायला लागलं. खडखड, खडखड. तेल्याने घाईने नजर वळवून आभाळात बघितलं.

"मातीच खराब यंदाची," तो म्हणाला. "तुम्ही तरी काय करणार?"

"मातीच," काकी म्हणाल्या.

"हो ना, मातीच," सून म्हणाली. मीही भिंतीवरून मान डोलावली. या पापात माझाही वाटा आहे.

काकांनी मडकं खाली ठेवलं. झाकणाचा आवाज थांबला. "मग टाकून द्या ती."

"काय टाकून द्या?"

"माती. सगळा ढीग नदीत लोटा. पलीकडच्या दरडीतली आणू."

तो ढीग सुनेने आणि तिच्या नवऱ्याने अख्खा उन्हाळा डोक्यावरून वाहिलेला. चाळलेला, भिजवलेला, पायांनी तुडवून लोण्यासारखा केलेला. पलीकडची दरड म्हणजे अर्ध्या दिवसाची वाट. सुनेच्या हातातला तांब्या कलला नि सगळं पाणी तिच्याच पायांवर गेलं.

"मामंजी, अहो, जरा थांबून बघू की..."

"खराब म्हणालात ना सगळे? खराब माती घरात कशाला ठेवायची?"

त्यांनी फावडं उचललं. पहिल्या खेपेला अर्धी माती त्यांच्याच पायांवर सांडली. दुसऱ्या खेपेला जास्तच. मग फावडं तिथेच सोडून ते तरातरा आत गेले, कोपऱ्यात बसले आणि हात घट्ट जोडले. बोटांची पेरं पांढरी पडली. दार उघडंच होतं, आणि यंदा मनातल्या मनातच प्रार्थना करणारा माणूस आज मोठ्याने मागत होता.

"देवा, चांगली माती दे. आजवर फारसं काही मागितलं नाही तुझ्याकडे. एवढी चांगली माती दे."

तेली पायातच असलेल्या चपला शोधायला लागला. सून सासूकडे बघत राहिली. काकी जरा वेळ ढिगाकडे बघत उभ्या होत्या, मग आत गेल्या. मला वाटलं, समजूत काढतील. त्यांनी नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेजारी बसल्या आणि मातीने माखलेले हात जोडले. उभ्या जन्मात नवऱ्याशी भांडायला न भ्यालेली बाई ती, पण हे त्याच्या तोंडावर बोलणं तिला जमण्यातलं नव्हतं.

"देवा, ह्यांचं ऐकू नकोस," त्या म्हणाल्या.

काका बोलता बोलता थांबले.

"माती चांगली आहे. वारा दरवर्षीचाच आहे. आम्ही सगळे खोटं बोललो. रोज दुपारी गळे मी सरळ करते, तू बघतोस ते. ह्यांचे हात थरथरतात, देवा."