निळ्या भिंतीमागची शीतल

मी एक जुनी फाईल आहे, मित्रांनो. पुठ्ठ्याची, दोरी बांधलेली नव्हे. कुंभार पिंपळगावच्या बाजारातल्या राधाकिसन फोटोवाल्याच्या कम्प्युटरमधली. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, त्यामुळं गोड बोलणं मला जमत नाही. जे झालं ते सांगते, गोड मानून घ्यायचं की कडू ते तुमचं तुम्ही बघा.

कडूबांच्या नव्या घराची वास्तुशांत झाली त्या दिवशी माझा जन्म झाला. मागं निळ्या रंगाची कोरी भिंत आणि तिच्यापुढं चौघं जण. कडूबा, त्यांची बायको द्वारकाबाई, मुलगा अंगद आणि नवी सून शीतल. कडूबांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला होता. द्वारकाबाई अशा ताठ उभ्या होत्या, जशी काही भिंत त्यांनीच धरून ठेवली आहे.

राधाकिसननं मूळ फोटो माझ्या तळाशी ठेवला आणि त्याला कुलूप लावलं. मग त्याच्यावर एकेक थर चढवत गेला. उजेडाचा थर वेगळा, रंगाचा वेगळा. अंगदचे डोळे मिटले होते, तर दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे आणून तेही वेगळ्या थरावर ठेवले. काचेवर काच ठेवावी तसं. वरची काच उचलली की खालचं जसंच्या तसं. या थरांना तो लेअर म्हणायचा. थराचा एखादा भाग दिसू द्यायचा नसला की त्याला मास्क लावायचा. मास्कवर काळा ब्रश फिरवला की तेवढा थर दिसेनासा होतो, पांढरा फिरवला की परत दिसतो. खालचं काहीच मरत नाही. माझ्या पोटात असं एकत्र कुटुंब नांदत होतं आणि मला त्याचा गर्व होता. का नसावा?

आमच्या बाजारात या मास्कची गरज फार. भाऊ वाटणीवरून भांडला की फोटोतून झाकायचा. जावई मांडवातून उठून गेला की झाकायचा. पुढच्या लग्नसराईत गोडी झाली की उघडायचा. राधाकिसननं कित्येक माणसं अशी झाकली आणि उघडली, पण पुसलं कुणालाच नाही.

एक दिवस द्वारकाबाई फ्रेम काखेत मारून आल्या.

"हिला काढ यातून."

"कुणाला, मावशी?"

"जिचं नाव घेऊ नाही वाटत तिला. माझ्यासमोर ताट आपटून धावड्याला माहेरी निघून गेली."

"काढत न्हाई, झाकतो. उद्या गोडी झाली तर?"

"गोडीला गूळ लागतो, राधाकिसना. माझ्या घरातला संपला."

"मंग बाजार कशासाठी हाये?"

द्वारकाबाईंना हसू आलं, पण ते त्यांनी पदरात धरलं. राधाकिसननं निळ्या भिंतीचा एक थर वर घातला आणि मास्क लावून तो शीतलच्या जागेपुरताच दिसू दिला. तिच्याबरोबर कडूबांचा पंजाही झाकला गेला. नवी प्रत फ्रेममध्ये बसली. जुनी द्वारकाबाईंनी त्याच संध्याकाळी चुलीत घातली. मी निश्चिंत होते. शीतल माझ्या पोटात होती.

पुढं कडूबा वारले. वर्षश्राद्धाच्या बॅनरसाठी मला उघडलं गेलं. राधाकिसन लग्नाच्या शूटिंगला गेलेला, खुर्चीत त्याचा मुलगा ओमप्रकाश. हा पोरगा ब्रश धरायला माझ्यावरच शिकला, बरं का. चुकायचा, मी सांभाळून घ्यायचे. माझ्या अंगावर खेळून मोठा झालेला.

"काय जड फाईल हाये," तो पुटपुटला. "सारा कम्प्युटर अडकून राह्यला."

आणि त्यानं सगळे थर एकात दाबून टाकले. दुसऱ्या नावानं ठेवायचं सोडून माझ्याच नावावर सेव्ह केलं, खिडकी बंद केली आणि चहाला गेला.

भिंतीचा थर शीतलवर बसला आणि तिच्या जागी भिंतच झाली. तिचे डोळे गेले, कपाळ गेलं, कडूबांचा पंजा गेला. मी हलकी झाले. माणसं हलकं होण्याला सुख म्हणतात म्हणे.

बॅनर छान झाला असं सगळे म्हणाले. कुणाला काही कळलं नाही.

मग अंगद बायकोवाचून वाळायला लागला. जेवायचा नाही, बोलायचा नाही. शेवटी द्वारकाबाई स्वतः धावड्याला गेल्या. ज्या बाईनं कधी आपली पायरी सोडून कुणाच्या दारात पाय ठेवला नाही, ती व्याह्याच्या ओसरीवर बसली. शीतल म्हणाली, "आत्याबाई, येणाऱ्या-जाणाऱ्यानं पाह्यलं की त्या फोटोत मी न्हाई. होता तसा लावा, मंग येते." द्वारकाबाई म्हणाल्या, "नुसतं झाकलंय. चल, तुझ्यासमोर उघडायला लावते."

दोघी स्टुडिओत आल्या. राधाकिसननं हसत मला उघडलं, आणि त्याचं हसू तसंच राहिलं. एकच थर. तळाचं कुलूप नाही, मास्क नाही. कॅमेरा तर पुढच्या लग्नांसाठी कधीच रिकामा केलेला.

"ओम्या," तो म्हणाला, "काय केलं तू?"

"बॅनरच्या टायमाला एक केले, पप्पा. लई जड होती." मग शीतलकडं पाहून तो म्हणाला, "वहिनी, आधारकार्डावरला फोटो द्या. जल्दी बसवून देतो, बिलकुल कळायचं न्हाई."

शीतल पडद्याजवळ गेली. रिकाम्या भिंतीवर तिनं बोट ठेवलं.

"इथं मामांचा हात होता. तो कोणत्या कार्डावर हाये?"

मग ती द्वारकाबाईंकडं वळली.

"झाकलंय म्हणल्या होत्या, आत्याबाई."

"मला तसंच सांगितलं होतं, पोरी."

"मी तुमच्यावर इसवास ठेवून आल्ते."

"मी याच्यावर," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांनी राधाकिसनकडं पाहिलं नाही. शीतल स्टँडच्या दिशेनं चालू लागली. द्वारकाबाई दारापर्यंत गेल्या. "शीतल, चहा तरी घेऊन जा," म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता. शीतल वळली नाही.

मित्रांनो, मला शिव्या देणाऱ्याचा राग येत नाही. ज्याला अंगाखांद्यावर खेळवलं त्यानं न विचारता गळा दाबला, त्याचा येतो. तुम्हीही मोबाईलवर, कम्प्युटरवर फोटो सजवता. खुशाल सजवा. पण आधी मूळ फोटोची नक्कल काढा आणि काय हात साफ करायचे ते नक्कलेवर करा. थर वेगवेगळे राहू द्या. जड झाले तर दुसरीकडं नेऊन ठेवा; म्हातारीला अडगळीत ठेवलेलं चालतं, मारलेलं चालत नाही. आणि माणूस नकोसं झालं तर एवढं करा, त्याला झाका. राग आपला असतो, आज आहे, उद्या नाही. फोटोतलं माणूस मात्र तेवढं एकच असतं, पुसलं की परत येत नाही.