आबांचा परस

आबांच्या पुण्यानुमोदनाला नीलम्मा मुरुमहून पहिल्या एसटीने आली. आईजवळ बसली आणि मोकळेपणाने रडली. वडील जाऊन पाच दिवस झाले तरी मला रडू आलेलं नव्हतं. तिचे डोळे पुसणं पाहताना माझ्या मनात आलं, इथेही ही माझ्या आधी.

एकोणीसशे शहाऐंशी साली आम्ही दोघी तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. भूगोलात पर्यावरणाचा एक पेपर होता आणि त्याच्यासाठी गावपाहणी करायची होती. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. सरांनी आमचंच गाव निवडलं आणि विषयांच्या चिठ्ठ्या टाकल्या. मला जमिनीचा वापर आला. नीलम्माला विहिरी आल्या.

विहिरी म्हणजे आबा. शिवारातल्या निम्म्या विहिरी त्यांनी खणल्या होत्या, उरलेल्यांचा गाळ काढला होता. त्यातल्या बऱ्याच विहिरींच्या काठावरून आम्हाला पाणी शेंदू देत नसत तेव्हाही तळाचा दगड आबांच्याच ओळखीचा होता. सर म्हणाले, "नीलम्मा, तात्यारावांना बरोबर घे. ते तुझं पुस्तक."

आठ दिवस ती आमच्या घरी राहिली. सकाळी भाकरी बांधून दोघं निघायची. मी तलाठ्याकडे बसून सातबारे उतरवायची आणि संध्याकाळी दारात त्यांचं बोलणं ऐकायची.

"आबा, त्या मळ्यातल्या विहिरीला लाल माती कुठं संपली?"

"तिसऱ्या परसाला. मग मुरूम. तुझ्या गावाचंच नाव की!"

दोघं हसायची. पहिल्या दिवशी काका म्हणणारी ती तिसऱ्या दिवशी आबा म्हणू लागली होती.

"मला हे कधी सांगितलं नाही तुम्ही," मी एकदा म्हणाले.

"तू कवा इचारलंस, बाय? तुला पुस्तकातलं लागतंय."

ते चेष्टेत म्हणाले. मला ते लागलं.

शेवटच्या दिवशी नीलम्मा तक्ता करायला बसली. तिच्या वहीत सगळ्या खोल्या परसात होत्या. एक परस म्हणजे माणसाची उंची. आबा खणताना भिंतीला पाठ लावून उभे राहत, डोक्यावर टिकावाने खूण करत आणि तिथून पुढचा परस मोजत.

"परस म्हणजे सहा फूट ना गं?" तिने विचारलं. "सर तसंच म्हणाले."

आमच्या घराची चौकट ठेंगणी होती. तिच्याखालून न वाकता जाणारी घरात दोघंच, आबा आणि मी. माझी उंची पाच फूट एक इंच होती.

"मग सहाच," मी म्हणाले.

मला एवढंच हवं होतं, की तिचा तक्ता चुकावा.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक सरळ गावात आले. सोबत मोजायची टेप होती. पाणीपुरवठा सोसायटीचे चेअरमनही आले, कारण त्यांना हा तक्ता विहिरींवर पंप बसवायला हवा होता. कोरड्या विहिरीत टेप सोडली. तक्त्यावर साठ फूट, टेपवर एक्कावन्न.

"हे माप कुणी सांगितलं?" परीक्षकांनी विचारलं.

चेअरमन आबांकडे वळले. "काय तात्याराव, ह्या मापानं पाइप आणला असता तर नऊ फूट वर उभा राहून गावाला रामराम केला असता!"

माणसं हसली. परीक्षक म्हणाले, "अडाणी माणसाच्या शब्दावर अभ्यास करायचा नसतो."

आबांनी डोक्याचा पटका काढून हातात घेतला. "साहेब, परस माजा हाय. म्या सहा फुटाचा कवा व्हतो?"

लोक आणखी हसले. आबाही हसले, आणि हसता हसता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या नकाशाची गुंडाळी सोडत होते.

"चूक माझी आहे, सर," नीलम्मा म्हणाली. "मी त्यांना मोजलं नाही."

सहा कुणी म्हटलं ते तिने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने आबांना आमच्या भिंतीशी उभं करून खडूने रेघ मारली आणि सगळा तक्ता नव्याने केला. पहिला नंबर माझा आला. आबांनी गावात पेढे वाटले. त्या तक्त्याबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत, आणि मीही तो विषय काढला नाही.

पुण्यानुमोदनाचं जेवण झाल्यावर मी नीलम्माला मागच्या अंगणात नेलं. ती आता शाळेत भूगोल शिकवते.

"तू परस विचारलास तेव्हा मला ठाऊक होतं," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"कसं?"

"रेघ मारताना आबाच म्हणाले. 'तिला ठाव हाय, पर तिला काय म्हनू नगंस. म्या आठ दिस तुज्यासंगं हिंडलो, त्याचा राग हाय तिला. माज्यावरचा हाय, तुज्यावरचा न्हाय.'"

ती बोलत राहिली, बहुतेक मला बरं वाटावं म्हणून. मला पुढचं ऐकू आलं नाही. आबांनी मला ओळखलं होतं, माफही केलं होतं, आणि तेही सांगितलं होतं तिला.

चारच्या गाडीची वेळ झाली. तिने पिशवी उचलली, आईच्या पाया पडली आणि चौकटीखालून वाकून बाहेर गेली. मी तिला सोडायला फाट्यापर्यंत गेले नाही.