पंडूमच्या आधी तोडलेली चारोळी

मित्रांनो, मी चारोळीचे एक जुने झाड आहे. तुमच्या खिरीत तरंगतो तो माझ्याच बीचा दाणा. माझी साल मगरीच्या पाठीसारखी आहे. कोण्या अस्वलाने फळे खाल्ली आणि बी या टेकडीवर टाकले. सागाच्या आणि धावड्याच्या सोबतीने मी इथेच वाढले.

खालच्या गावातले माडिया आदिवासी माझा डिंक नेत, फळे खात, दाण्यांचे तेल अंगाला लावत. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही, कारण त्यांचा एक नियम होता. वैशाखात फळ काळे पडले की गायता, म्हणजे गावचा पुजारी, माझ्या बुंध्याशी पहिली मूठ पूर्वजांना वाहायचा. हा पंडूमचा सण. त्याआधी फळाला कुणी हात लावत नसे. तोवर पाखरे पोटभर खात आणि थोडे बी मातीत रुजे.

एका वर्षी सणाच्या वीस दिवस आधीच बाजारात व्यापारी आला. पलीकडच्या गावाने हिरवीच फळे उतरवली. हे कळताच मासे नावाची म्हातारी आणि तिची सून सनकी माझ्याखाली आल्या. मासे म्हणत होती, थांबू या.

"पूर्वज मेलेत, आत्या, त्यांना घाई नाही," सनकी म्हणाली. "पलीकडच्यांना आहे."

"अगं, दाणा भरला नाही अजून. आत नुसतं पाणी आहे."

"व्यापारी कुठे फोडून बघतो?"

मग मासेनेच आपल्या मुलाला, लालसूला, कुऱ्हाड आणायला सांगितले. फांदीच खाली आली, की फळे बसल्या बसल्या तोडता येतात. त्याने माझ्या सात फांद्या पाडल्या. दुसऱ्या दिवशी सारे गाव टेकडीवर होते.

पंडूमला गायत्याला एकही पिकले फळ मिळाले नाही. सनकीने बाजारातून सोललेली चारोळी विकत आणली. त्याने तीच वाहिली.

"चालेल का त्यांना?" मासेने हळूच विचारले.

"चालेल. त्यांना दात कुठे आहेत?" गायता म्हणाला. कुणी हसले नाही.

मित्रांनो, कच्चे बी रुजत नाही. आज या टेकडीवर चारोळीचे एकही रोप नाही. फळ काळे पडेपर्यंत थांबा, एवढेच माझे मागणे आहे. थांबणे सोपे असते असे मला वाटायचे. माणसांना त्यासाठी आधी शेजाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो, हे मला फार उशिरा कळले.

माझ्या दोन फांद्या उरल्या आहेत. यंदा त्यांवर फळ धरले आहे. अजून हिरवे आहे, आणि माणसे टेकडी चढत आहेत.