धाकटीच्या नावची खोली

रविवारी सकाळी साडेनऊला, बंद पडलेल्या कपड्यांच्या कारखान्यात, जमिनीवर खडूनं चौदा घरं आखायला घेतली. तेराच मावली.

कारखाना चौदा कुटुंबांनी मिळून विकत घेतला होता. राहायची घरं लहान आणि ज्याची त्याची, स्वयंपाकघर मात्र सगळ्यांचं एक, असा बेत. भिंती उभ्या राहण्याआधी आपापलं घर आखून त्यात जरा वावरून बघा, असं आर्किटेक्ट बाईंनी सांगितलं होतं. मापं लिहून दिली होती. तरी ओळीतल्या शेवटच्या घराच्या वाट्याला दाराएवढी जागासुद्धा उरली नाही.

बाई टेप घेऊन मोजत सुटल्या. नऊ घरं दोन्ही अंगांनी एकेक वीत रुंद निघाली. नऊही घरं कारखान्याच्या जुन्या कामगारांची.

"शिवणीत जाईल तेवढं जास्तीचं सोडायचं नाही तर काय?" बटणवाली म्हणाली. जन्मभर तिनं बटणं लावली. हातापेक्षा तोंड जास्त चाले. "आम्हाला कटिंग मास्तरांनी असंच शिकवलंय. विचारा त्यांना."

"शिवणीला एक वीत?"

"घर मोठं, शिवण मोठी!"

हशा पिकला. मास्तरही हसले. एकतीस वर्षं याच छपराखाली त्यांनी कापड बेतलं होतं, आणि आज सगळ्यात जास्त जागा त्यांनीच सोडली होती.

पुसून पुन्हा आखल्यावर चौदाही घरं बसली. मग इस्त्रीवाले काका चाकांच्या खुर्चीत बसून, हातांनी चाकं फिरवत स्वयंपाकघराकडे निघाले आणि दाराजवळच्या वळणावर अडकले. खुर्चीचं एक चाक मास्तरांच्या दुसऱ्या खोलीत शिरलं.

"मास्तर, भिंतीतून आलोय, चहा टाका," काका म्हणाले.

या वेळी कोणी हसलं नाही. वळण रुंद करायचं तर ती खोली जायला हवी होती. मास्तर एकटे. दुसरी खोली त्यांनी धाकट्या बहिणीच्या नावची धरली होती.

"धाकटी येतेय ना पण?" बटणवालीनं विचारलं.

"येईल की."

"तसं म्हणालीय ती?"

मास्तर टेप गुंडाळत राहिले. धाकटीला त्यांनी अजून विचारलंच नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी कारखान्यातलं काम कमी झालं, तेव्हा आधी कोणाला घरी पाठवायचं याची यादी मालकानं मास्तरांकडे मागितली होती. उद्या कोणी बोट दाखवायला नको, म्हणून त्यांनी पहिलं नाव सख्ख्या बहिणीचं लिहिलं. तिच्याइतकी सरळ शिलाई कारखान्यात कोणाची नव्हती. हे त्यांना ठाऊक होतं, तिलाही. ती भांडली नाही. आठवड्याभरात मशीन घेऊन दुसऱ्या गावी निघून गेली. तेव्हापासून वर्षाकाठी एखादा फोन. बरा आहेस? बरा आहे. संपलं.

इथं हात वर करून निकाल लावायचा नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. एकानं जरी नाही म्हटलं तरी ती गोष्ट होणार नव्हती. मास्तरांनी नुसतं नाही म्हणायचा अवकाश, खोली राहिली असती. मग काकांना दोन वेळच्या जेवणाला उन्हापावसात बाहेरून वळसा घालून यावं लागलं असतं.

"येईन मी फिरून," काका म्हणाले. "भूक तरी चांगली लागेल."

बटणवालीनं तोंड फिरवलं. "मास्तर, तुम्ही कापाल तसं आम्ही शिवू."

नकाशा बुधवारी पाच वाजता मंजुरीला जाणार होता. आर्किटेक्ट बाईंनी तोवरची मुदत दिली.

सगळे गेल्यावर मास्तर त्या खोलीत उभे राहिले. खडूची रेघ ओलांडता आली असती, पण ते दारानंच आत आले होते. मशीन कुठं राहील, पलंग कुठं, त्यांनी पावलांनी मोजून पाहिलं. सकाळी पलीकडून मशीनचा आवाज आला की चहा टाकायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

सोमवारी संध्याकाळी त्यांनी फोन लावला. खोलीचं सांगितलं, वळणाचं सांगितलं, काकांचंही. पलीकडे चाललेलं मशीन थांबलं.

"म्हणजे माझं नाव पुन्हा पहिलं. या वेळी निदान विचारून."

"तसं असतं तर फोन कशाला केला असता गं?"

"काकांचे पाय कधीपासून गेले?"

"चार वर्षं झाली."

"मला कळवलंस का?"

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. पलीकडे मशीन थोडं चाललं आणि पुन्हा थांबलं.

"दादा, खिडकी कुठं ठेवलीस?"

"उजव्या हाताला. तू डावखुरी ना."

"बघते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मंगळवारी फोन आला नाही. बुधवारी दुपारी सव्वाचारला आर्किटेक्ट बाई नकाशा घेऊन कारखान्यात आल्या. खोली सोडायला तोवर मास्तरांनी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं.