मामाचे पाय

आमच्या ह्यांना झोप लागत नाही, ही बातमी दारव्ह्यात वाऱ्यासारखी पसरली. मग जो येई तो उपाय घेऊन येई. कोणी म्हणे जायफळ उगाळून दुधात द्या, कोणी कसलासा काढा बाटलीत भरून आणी, आणि नारळ तर प्रत्येकाच्याच पिशवीत. मी एकेकाला दारातूनच वाटेला लावलं. डायलिसिसवरच्या माणसाला नारळपाणी देणं म्हणजे विषाची परीक्षा घेणं. काढ्यात काय उकळलंय ते तर आणणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई, नाही म्हणायला मला कोणी शिकवायला नको.

पण चंद्रशेखरांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, झोप काही परत येईना. आठवड्यातून तीनदा यवतमाळला जायचं, मशीनला लावून घ्यायचं, थकून घरी यायचं आणि अंथरुणाला पाठ टेकली की पाय वळवळायला लागायचे. झोपेची गोळी डॉक्टर जपूनच देत. एका शुक्रवारी जेवता जेवता ते म्हणाले, "सोमवारपासून मी जात नाही कुंदा. झोपच नाही त जगून काय करून राह्यलो मी?"

मी हातातला घास ताटात परत ठेवला. मशीन सोडलं की काय होतं ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

रडत बसणं माझ्या स्वभावात नाही. मी डॉक्टरांना फोन लावून विचारलं, काशाच्या वाटीनं तळपाय घासले तर चालेल का. ते म्हणाले, पायाला जखम नसेल तर खुशाल करा, काही जणांना बरं वाटतं, फक्त पोटात काही देऊ नका. शनिवारी मी तूप लावून वाटी घेऊन बसले. घासता घासता चार शब्द समजुतीचेही सांगत होते. पुष्कळच सांगत होते.

"पाय चोळून राह्यली का गंज घासून राह्यली?" हे ओरडले. "अन् किती बोलतं वं तू!"

मी वाटी ठेवली आणि भैरवीला बोलावलं. भैरवी माझ्या नणंदेची मुलगी, यवतमाळात फिजिओथेरपिस्ट आहे. पाय कसे दाबावेत, कुठे दाबावेत, याचं तिनं रीतसर शिक्षण घेतलंय. रविवारी ती आली, हात धुतले आणि मामाच्या पायाशी बसली. ह्यांनी पाय झटकन चादरीत ओढून घेतले.

"भाचीच्या हातानं पाय? नाही बाई. पाप लागन मले."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! आमच्याकडे भाची घरी आली की मामाच तिच्या पाया पडतो, तिचा हात आपल्या पायाला लागू देत नाही. ही पोर पाळण्यात असल्यापासून हे तिच्या पावलांवर डोकं ठेवत आलेत. पण माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

"पापाची एवढी भीती वाटते? अन् मले एकटीले टाकून जायची नाही वाटत?"

  भैरवी मात्र शांतपणे म्हणाली, "मामा, भाचीनं काही मागितलं त नाही म्हनता येते काय?"

"नाही येत," ते पुटपुटले.

"मंग पाय द्या. मले तेच पायजे."

 ते पलंगावरून उतरले, वाकले आणि तिच्या पायांवर डोकं टेकवलं. ती मागे सरकली नाही. नंतर परत आडवे होऊन त्यांनी आपणहून पाय पुढे केले. तिनं आधी तळवे नीट तपासले, थोडंसं तेल लावलं आणि अंगठ्यानं सावकाश दाबायला लागली. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"मामी, तुम्ही चूप बसाल त अर्धा इलाज तोच आहे," ती म्हणाली.

अख्ख्या शाळेला गप्प करणारी मी गप्प बसले.

जाताना तिनं मला बजावलं. रोज असंच करायचं. फिस्टुला, म्हणजे सुया टोचण्यासाठी केलेली नस, डाव्या हाताला आहे, त्या हाताला चोळायचं नाही. मशीनवर असताना त्यांना घोरू द्यायचं नाही, दिवसा झोपले की रात्रीची झोप जाते. "अन् मामी, हे मशीनच्या सोबत आहे, मशीनच्या बदल्यात नाही. जादूची वाट पाहू नका." ह्यांनीही भाचीला शब्द दिला, "दिवाळीपर्यंत जातो. मंग पाहू."

मी रोज पाय दाबत गेले, तेही अवाक्षर न काढता. आयुष्यात इतकं कठीण काम मी केलं नव्हतं. झोप कधी तासभर यायची, कधी नाही. हळूहळू पाय शांत पडायला लागले.

दिवाळी झाली. त्यानंतरच्या सोमवारी ह्यांना यवतमाळला नेणाऱ्या धर्मपालची गाडी दारात येऊन हॉर्न वाजवायला लागली, तरी हे उठले नव्हते. मी खोलीत गेले. ते गाढ झोपले होते, तोंड थोडं उघडं, कपाळावर एक आठी नाही. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. इतके महिने देवाकडे मागितलेली झोप मलाच मोडायची होती. माझे डोळे भरून आले. मग उजव्या खांद्याला धरून त्यांना चांगलं हलवलं.

"अहो, उठा. गाडी आली."

"काहून उठवतं वं," ते कुशीवर वळत पुटपुटले. बाहेर पुन्हा हॉर्न वाजला, तसे एकदम उठून बसले आणि पायानंच चप्पल चाचपायला लागले.

"धर्मपालले थांबव. मले सोडून जाऊ नको म्हनाव, आलोच मी."